मुक्काम पोस्ट पापा वेस्ट्रे

विमानात बसलं की मला झोप लागते. हा प्रकृतीचा दोष नाही, स्वभावाचा आहे. तिकिटाला एवढे पैसे मोजलेत, तर निदान झोप तरी वसूल व्हावी, असा हिशेब त्यामागे असतो. त्यामुळे ग्लासगोहून मुलाचा फोन आला आणि तो म्हणाला, "बाबा, या खेपेला तुम्हाला दीड मिनिटाच्या विमानात बसवतो," तेव्हा मी विचारलं, "मग झोपायचं कधी?"

खरं तर त्याआधी मी त्याचं मराठी दुरुस्त केलं होतं. "दीड मिनिटाच्या नव्हे, दीड तासाच्या."

"दीड मिनिटाच्याच. वारा मागून असला तर एक मिनिटसुद्धा पुरतं."

"एका मिनिटात ते उडतं कधी?"

"उडतं म्हणजे काय बाबा, उतरतंसुद्धा."

फोन स्पीकरवर होता. ही कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "किती लांब आहे रे?"

"२.७ किलोमीटर."

हिनं मनातल्या मनात नकाशा उघडला. त्या नकाशात जगातली सगळी अंतरं शनिवारवाड्यापासून मोजलेली असतात. "म्हणजे शनिवारवाडा ते स्वारगेट! एवढ्याला विमान? चालत का नाही जात?"

"आई, मध्ये समुद्र आहे."

"मग बोटीनं जावं."

"बोट आहे ना. पण तिला जवळजवळ अर्धा तास लागतो."

"शनिवारवाडा ते स्वारगेट अर्ध्या तासात?" हिचे हात हवेतच थांबले. "मग बोटच बरी की!"

तर हे सगळं स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे, ऑर्कनी नावाच्या बेटांच्या पुंजक्यात घडतं. सत्तरेक बेटं. त्यांतल्या विसेक बेटांवर माणसं राहतात, बाकीच्यांवर सील, समुद्रपक्षी आणि वारा. वेस्ट्रे हे त्यांतलं एक बेट आणि पापा वेस्ट्रे हे त्याचं धाकटं भावंड. या दोघांमधलं उड्डाण हे वेळापत्रकानं चालणारं जगातलं सर्वांत छोटं उड्डाण आहे आणि गिनेसच्या बुकात तशी नोंद आहे. एडिंबरो विमानतळाची एकटी धावपट्टीच जवळपास एवढी लांब आहे. म्हणजे मोठी विमानं जेवढं अंतर नुसती उडण्याच्या विचारात घालवतात, तेवढ्यात हे विमान गावाला जाऊन पोचतं. सर्वांत जलद उड्डाण ५३ सेकंदांचं. ते करणाऱ्या वैमानिकाचं नाव स्टुअर्ट लिंकलेटर. या गृहस्थांनी निवृत्त होईपर्यंत हा प्रवास बारा हजारांहून जास्त वेळा केला. स्वारगेट-सासवड गाडीवर आयुष्य काढलेले ड्रायव्हर मी पाहिले आहेत. पण त्यांना निदान दिवेघाट तरी लागतो.

ही विमानं ज्या कंपनीची, तिचं नाव लोगनएअर. १९६२ साली ती विली लोगन नावाच्या एका बांधकाम कंत्राटदारानं काढली. त्याची कंपनी पूल बांधायची; डंडीजवळच्या टे नदीवरचा रस्त्याचा मोठा पूल तिनंच बांधला. कामाच्या जागी लवकर पोचावं म्हणून लोगनसाहेबांनी छोटं विमान ठेवलं आणि त्यातून ही हवाई टॅक्सी सुरू झाली. मला हे फार आवडलं. आमच्याकडे कंत्राटदारानं बांधलेला पूल पाहिला की वाटतं, यापेक्षा याच्याकडे विमान मागितलं असतं तर बरं झालं असतं. तिकडे त्यानं दोन्ही दिलं. १९६६ मध्ये बिचारा विमान अपघातातच गेला. पुढे कंपनी आली एका बँकेच्या ताब्यात, म्हणजे रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या, आणि १९८३ पर्यंत ती बँकेकडेच होती. बँकेच्या मालकीचं विमान ही कल्पना मी बराच वेळ मनात घोळवली. आधी पासबुक भरून घ्यायचं, मग दुसऱ्या खिडकीवर जायचं, तिथे जेवणाची सुट्टी असायची आणि ती संपेपर्यंत विमान उडालेलं असायचं.

पण गंमत पुढेच आहे. या छोट्या बेटांवर बँकेची शाखा काढणं परवडत नाही. म्हणून बँकेची एक बाई पेटी घेऊन विमानानं बेटाबेटावर हिंडायची. २०१६ साली ऑर्कनीच्या या सेवेचा दहा लाखावा प्रवासी कोण असावा? तीच. तोपर्यंत तिची दहा हजार उड्डाणं झाली होती. आमच्या गल्लीतल्या अल्पबचतवाल्या मावशी दारोदार फिरून पासबुकं गोळा करायच्या, त्यांची आठवण झाली. त्यांना कुणी सायकलसुद्धा दिली नव्हती.

मुलाचा आग्रह, की नुसत्या पापा वेस्ट्रेसाठी एवढं लांब कशाला जायचं, आधी बारा नावाचं बेट बघू. ते पश्चिमेला, हेब्रिडीज बेटांमध्ये. ग्लासगोहून एकोणीस आसनांचं ट्विन ऑटर जातं. तासाभरानं खाली पाहिलं तर समुद्र, वाळू, पुन्हा समुद्र. विमान खाली खाली चाललेलं, आणि धावपट्टीचा पत्ता नाही. मी हिला म्हटलं, "वाळूतच उतरवतोय बहुतेक." ही म्हणाली, "काहीतरीच बोलू नका." आणि तो वाळूतच उतरला. चाकांनी दोन्ही बाजूंना पाण्याचे फवारे उडवले, पावसाळ्यात पीएमपीची बस पादचाऱ्यांवर उडवते अगदी तसेच, फक्त इथे पादचारी नव्हते.

ट्राय व्होर हे त्या किनाऱ्याचं नाव. अर्थ साधा, मोठा किनारा. वेळापत्रकानं चालणारी विमानं भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर उतरतात असा जगातला हा एकच विमानतळ. वाळूवर तीन धावपट्ट्या आहेत, म्हणजे खांब रोवून दाखवलेल्या दिशा. भरती आली की तिन्ही पाण्याखाली. त्यामुळे विमानाचं वेळापत्रक ठरवतो चंद्र. एरवी याच वाळूत लोक शिंपल्या वेचतात. विमान येण्याच्या वेळी वारा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर फडकवतात, आणि ती फडकत असताना किनाऱ्यावर येऊ नका अशी पाटी लावलेली आहे. आमच्याकडे अशी पाटी लावली तर तिच्याखाली भेळेची गाडी उभी राहील.

चंद्रावर चालणारं विमान म्हटल्यावर मला मुरुडचे मामा आठवले. मामांकडे घड्याळ होतं, पण भरतीसाठी ते कधी पाहत नसत. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ आली, हा कोकणातला जुना हिशेब. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, बाराच्या आसपास ओहोटी, तेव्हा तिसऱ्या प्रहरी तिसऱ्या (शिंपल्यांना आमच्याकडे तिसऱ्या म्हणतात) काढायला जायचं नाही. मामांना बाराच्या विमानतळावर एक पंचांग देऊन बसवलं असतं तर त्यांनी वर्षभराची उड्डाणं शाईनं लिहून दिली असती, आणि संकष्टीला विमान सोडलं नसतं.

पण यात हसण्यासारखं काय आहे, असंही मला नंतर वाटलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान आणलं ते जुहूलाच. तेव्हाचं जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठचा चिखलाचा पट्टा. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं आणि टाटांची विमानसेवा चार महिने आमच्या पुण्यात, येरवड्याला मुक्कामाला यायची. म्हणजे भारताची नागरी विमानवाहतूक बाळपणी पावसाळ्यात आजोळी येत असे आणि ते आजोळ पुणं होतं. ही माहिती मी बाराच्या विमानतळावर मुलाला सांगितली. तो म्हणाला, "बाबा, सामान घ्या."

सामान घ्यायची जागा पाहून मात्र मी गहिवरलो. फिरता पट्टा नाही, ट्रॉल्या नाहीत. बाहेर एक आडोसा, हुबेहूब आमच्या एसटीच्या विनंती थांब्याची शेड. त्यात बॅगा आणून ठेवतात, आपापली उचलायची. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या आणि एका क्लासची जाहिरात तेवढी असती, तर मी तिथेच वडापाव मागितला असता.

त्याच क्षणी मला कळलं, की ही विमान कंपनी नव्हे, ही एसटी आहे. एवढं ओळखायला मला साठी ओलांडून स्कॉटलंडला यावं लागलं. आमची एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला निघाली आणि मग गाव तिथे एसटी करत करत वाड्यावस्त्यांवर पोचली. १९६७ पासून हे लोक बेट तिथे विमान करत आहेत. नफ्याचं म्हणाल तर दोघांच्याही बाबतीत तो विषय चारचौघांत काढायचा नाही. ऑर्कनीतल्या आंतरबेट विमानांचा तोटा तिथली काउन्सिल भरून काढते. बेटावरून मुख्य भूमीकडे जाणाऱ्या रहिवाशांना २००६ पासून विमानभाड्यात सवलत आहे, आणि आता तर ती निम्मी आहे. हे ऐकल्यावर हिचे डोळे चमकले. २०२३ पासून आमच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून ही कारण नसताना सासवडला जाऊन येते. "मग लेडीजला वेगळी सवलत आहे का, विचारा ना," असं ती मुलाला तीनदा म्हणाली. त्यानं विचारलं नाही. मुलं परदेशी गेली की आईबापांचे नेमके प्रश्न विचारायला लाजतात.

एसटीला जसा मध्येच कुणीतरी नवा रंग देतो, तसं या विमानांचंही झालेलं आहे. १९९४ पासून बरीच वर्षं अंगावर ब्रिटिश एअरवेजचा अंगरखा, मग फ्लायबी नावाच्या कंपनीचा. ब्रिटिश एअरवेज म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जंबो जेट येतं. प्रत्यक्षात त्या नावाखाली शेताच्या बांधावर आठ माणसांचं विमान उतरत असे. अखेर २०१७ साली कंपनीनं स्वतःचं नाव लावलं आणि शेपटीवर स्कॉटिश चौकटी रंगवल्या. हिच्या मते त्या चौकटी इरकली लुगड्याच्या नाहीत, पण धारवाडी खणाच्या बऱ्याच जवळ जातात.

ग्लासगोहून ऑर्कनीच्या कर्कवॉल गावापर्यंत तसं रीतसर मोठं विमान होतं. त्यात चहा आणि टनॉक्सचं कॅरमल वेफर मिळालं, लाल-सोनेरी पट्ट्यांच्या कागदातलं. स्कॉटिश माणूस या वेफरविषयी बोलताना आवाज खाली आणतो, आपण चितळ्यांच्या बाकरवडीविषयी बोलताना आणतो तसा. हिनं स्वतःचं खाल्लं, माझं पर्समध्ये ठेवलं आणि हवाईसुंदरीकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं तिसरं दिलं.

कर्कवॉलच्या छोट्या विमानतळावर आमची खरी परीक्षा सुरू झाली. पुढचं विमान ब्रिटन-नॉर्मन आयलँडर. दोन पंखे, न मिटणारी चाकं, आठ प्रवासी, एक वैमानिक. हे विमानही एका बेटावरचंच, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटवर जन्मलेलं, १९६५ साली पहिल्यांदा उडालेलं. म्हणजे बेटाचं दुःख बेटाला ठाऊक. एवढ्या लहान विमानात तोल सांभाळायचा म्हणून माणसांच्याही वजनाचा हिशेब धरतात आणि त्यावरून कोण कुठे बसणार ते ठरतं. काउंटरवरच्या मुलीनं मला नम्रपणे वजन विचारलं. मी सांगितलं.

"अहो, ते लग्नातलं," ही म्हणाली.

मी मराठीतून तिला गप्प बसायला सांगितलं. पण वजन ही गोष्ट भाषेवर अवलंबून नसावी. त्या मुलीनं माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपल्या मनानं काहीतरी लिहिलं. मला मागच्या भागात मधली जागा मिळाली. आणि हिला? हिला वैमानिकाच्या शेजारची! विमानात दुसरा वैमानिक नसल्यामुळे ती जागा रिकामी असते, आणि जागा रिकामी ठेवणं हे एसटीच्या तत्त्वात बसत नाही.

आता, तीस वर्षं ही माझ्या स्कूटरवर मागे बसून मला गाडी शिकवत आली आहे. ब्रेक कधी दाबायचा, हॉर्न कधी द्यायचा, समोरचा रिक्षावाला कोणत्या विचारात आहे, हे सगळं मला मागूनच कळत असे. अशा बाईला आयुष्यात प्रथमच चालकाच्या शेजारी, समोर चाळीस तबकड्या आणि हातभर अंतरावर दुसरं सुकाणू, अशी जागा मिळाली होती. तिनं पदर खोचला. वैमानिक मान वळवून आम्हा सगळ्यांना पट्टे आणि दारं यांविषयी दोन वाक्यं बोलला, अगदी कंडक्टर "पुढे सरका" म्हणतो तितक्या सहजपणे, आणि इंजिनं सुरू झाली. त्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, की ही त्याला "स्लोली हं, स्लोली" असं सांगते आहे.

सहप्रवासी सगळे तिथलेच असावेत. एकाच्या मांडीवर हत्यारांची पेटी. एक बाई व्हायोलिन घेऊन. बेटावरच्या शाळांना संगीत आणि चित्रकलेचे शिक्षक असे विमानानंच येऊन शिकवतात. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी, पायाशी बाजाराच्या दोन पिशव्या, एकीतून लांब पाव डोकावत होता. त्यांनी बसल्याबरोबर पेपर उघडला.

पंधरा-एक मिनिटांत वेस्ट्रे आलं. एक जण उतरला. खाली गवत, गायी, लांबवर दगडी घरं. झाड म्हणून नाही. वारा उभंच राहू देत नाही. आणि मग तो क्षण. मी ठरवलं होतं, की हे उड्डाण स्वतः मोजायचं. चाकं सुटली की घड्याळ सुरू, टेकली की बंद. विमान धावू लागलं. मी खिशातून फोन काढला. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेतला. फोन तोंडासमोर धरला. फोन म्हणाला, चेहरा ओळखता येत नाही. साहजिक आहे, त्या क्षणीचा चेहरा मलाही ओळखता आला नसता. पुन्हा धरला. पुन्हा नाही. चार आकडे घालायला सांगितले. तीन घातले आणि धप्प! उतरलो.

"किती लागला?" मी ओरडून हिला विचारलं.

"मारुतिस्तोत्र म्हणत होते," ती पुढून ओरडली. "निम्मं झालं."

याहून अचूक मोजमाप गिनेसकडेही नसेल. आणि स्तोत्राची निवडही योग्यच. बेट आणि मुख्य भूमी यांना जोडणारी पहिली विमानसेवा मारुतीचीच. एकट्यानं चालवलेली, तिकीट नाही, वजनाची मर्यादा नाही. परतीच्या एका खेपेला तर माणसानं अख्खा डोंगर आणला आणि कुणी जादा सामानाचे पैसे मागितले नाहीत. लंकेच्या धावपट्टीवर थोडा जाळपोळीचा प्रकार झाला, पण ती चूक कंपनीची नव्हती.

मी आजींकडे पाहिलं. त्यांनी अजून पेपरातून मान वर केली नव्हती. जगातलं सर्वांत छोटं उड्डाण होऊन गेलं आणि त्यांचं पान उलटून झालं नव्हतं. मला राहवलं नाही. "तुम्हाला काही वाटत नाही?" मी विचारलं.

"कशाचं?"

"जागतिक विक्रम!"

"हो, लोक येतात त्यासाठी," त्या म्हणाल्या, आणि मला पावाची पिशवी धरायला दिली. मग उतरताना माणुसकीनं त्यांनी विचारलं, आमच्या गावाकडे प्रवास कसा असतो. मी एसटीचं सगळं सांगितलं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, घंटीची दोरी, पत्र्याचा आवाज, पुण्याहून नगरला जाताना रांजणगावला गणपतीला हात जोडणं आणि पुढे चहाला थांबणं. इथे मात्र त्यांनी पिशवी खाली ठेवली. "चहाला थांबतं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यांच्या विमानाला गिनेसचं पान मिळालं होतं, पण ते कधी चहाला थांबलं नव्हतं.

पापा वेस्ट्रेवर शंभराच्या आत माणसं राहतात. नावातला पापा म्हणजे जुन्या नॉर्स भाषेत धर्मगुरू. कोणे एके काळी तिथे ख्रिस्ती साधू असत. म्हणजे मराठीत गोसावीवाडीच. विमानतळ म्हणजे एक खोली आणि एक आगीचा बंब. विमान येताना अग्निशामकाचा पोशाख घालून जो इसम गंभीर चेहऱ्यानं उभा होता, तोच तासाभरानं आम्हाला ट्रॅक्टरवर दिसला, आणि त्यानं हात केला. माणसं कमी आणि पदं जास्त असली की असं होतं. आमच्याकडे उलटं असल्यामुळे नुसत्या मीटिंगा होतात.

बेटावर पाहण्यासारख्या दोन गोष्टी. एक, नॅप ऑफ हॉवर. समुद्राकाठी, जमिनीत अर्धवट रुतलेली दोन दगडी घरं, एकमेकांना लागून, मधे बोळकांडं. इसवी सनापूर्वी ३७०० च्या सुमाराची, पिरॅमिडांच्याही आधीची, उत्तर युरोपातल्या सर्वांत जुन्या उभ्या घरांपैकी. दगडी फडताळं शाबूत आहेत. मी आत वाकून गेलो आणि बाहेर आल्यावर मला एकाच गोष्टीचं आश्चर्य वाटलं, की साडेपाच हजारांहून जास्त वर्षांत इथे रिडेव्हलपमेंटचा ठराव कुणी आणला कसा नाही. आमच्या सोसायटीला तीस वर्षं झाली तर तीन बिल्डर येऊन गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे एका पक्ष्याचं स्मारक. ग्रेट ऑक नावाचा मोठा, काळापांढरा पक्षी. ऑर्कनीतला शेवटचा ग्रेट ऑक १८१३ साली याच बेटावर मारला गेला. पुढे तो जगातूनच गेला. का गेला? तो समुद्रात तरबेज होता, पण त्याला उडता येत नव्हतं. तिथल्या वाऱ्यात उभं राहून मी हे हिला वाचून दाखवलं. ही बराच वेळ त्या दगडी पक्ष्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दीड मिनिट जरी उडता आलं असतं बिचाऱ्याला, तर पलीकडे वेस्ट्रेला गेला असता." मग डोक्यावरचा स्कार्फ घट्ट केला आणि चालायला लागली.

परतताना प्रमाणपत्र मिळालं, जगातलं सर्वांत छोटं उड्डाण केल्याचं, रीतसर नाव घालून. आणि कर्कवॉलच्या भिंतीवरच्या नकाशात हिला आणखी एक खजिना सापडला. एडे नावाच्या आणखी एका बेटावर छोटीशी धावपट्टी आहे, आणि ती ज्या उपसागराजवळ आहे त्याचं नाव बे ऑफ लंडन. त्यामुळे त्या गवतातल्या धावपट्टीचं नाव लंडन एअरपोर्ट! हिची थोरली वहिनी गेली अकरा वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला "आम्ही लंडन एअरपोर्टवर चार तास होतो" असं सांगत आली आहे. हिनं एडेच्या तिकिटाची चौकशी केली. फक्त एक फोटो काढायचा आणि परत यायचं. मुलानं कसंबसं समजावून आणलं. पण नकाशाचा फोटो तिनं काढलाच आणि विमान सुटायच्या आत कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ: "आम्ही लंडन एअरपोर्टवरून. गर्दी अजिबात नाही."

पुण्याला परत आल्यावर चार-पाच दिवसांनी प्रमाणपत्राला चौकट करून घेतली. शनिवारवाड्याजवळचा चौकटवाला, माझ्या ओळखीचा. बाहेर आलो तर ऊन मी म्हणत होतं, आणि आम्हाला स्वारगेटला जायचं होतं, सासवडच्या गाडीसाठी. हिचं अर्धं तिकीट वाया जात होतं ना इतके दिवस. एका रिक्षाला हात केला.

"स्वारगेट."

रिक्षावाल्यानं आमच्याकडे पाहिलं, पुढे रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं. "एवढ्याला नाही जात काका. जवळचं भाडं परवडत नाही."

मी हातातली चौकट त्याच्यापुढे धरली. त्यानं शांतपणे, बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत वाचली.

"किती झालं हे अंतर?"

"२.७ किलोमीटर. हेच, इथून स्वारगेटएवढं. मोठं दोन इंजिनांचं विमान आहे, आणि ते जातं."

"रिटर्न भाडं मिळत असेल त्याला," रिक्षावाला म्हणाला, आणि निघून गेला.